बाहुलीच्या मापाचे झबले

क्रोशाच्या विणकामाला मराठीत स्वतःची परिभाषा आहे आणि ती चांगली घडलेली परिभाषा आहे, हे साहित्याच्या अभ्यासकांच्या सहसा लक्षात येत नाही. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब, दोन वेढ्यांचा खांब, शिंपला, जाळी. हे शब्द कुठल्या परिभाषा समितीने बैठका घेऊन ठरवलेले नाहीत. ओसरीवर, गॅलरीत, दुपारच्या निवांत वेळी एकीने दुसरीला हातातले काम दाखवताना ते तयार झाले असावेत. त्यातला 'मुका खांब' मला फार आवडतो. सुईवर वेढा न घेता घातलेला हा सर्वांत बुटका खांब. इतर खांब वर उठून दिसतात, ओळीची उंची वाढवतात, हा मात्र आपल्या जागी दडून राहतो. म्हणून तो मुका, असा माझा तर्क. ज्या कुणा बाईने हा शब्द पहिल्यांदा उच्चारला, तिचे नाव कोशात असायला हवे होते. अर्थात अशी नावे कोशात नसतातच.

मी महाविद्यालयात मराठी शिकवते. भाषांतर, अनुवाद, रूपांतर, आधारित, स्वैर, भावानुवाद या शब्दांमधल्या सीमारेषा फळ्यावर आखण्यात माझी बरीच वर्षे गेली. विद्यार्थी त्या वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही, कारण फळ्यावरच्या रेषा फळ्यावरच राहतात. रूपांतर म्हणजे काय हे मला स्वतःला समजावून देणारी संहिता निराळीच आहे. ती छापलेली नाही. दोनशे पानांची, पुठ्ठ्याच्या बांधणीची, तेलकट डागांची ती एक वही आहे. ती माझ्या आईची.

या वहीत विणकामाचे नमुने आहेत. थालपोश, तोरणे, टेबलावरचे रुमाल हे सगळे सुरुवातीच्या पंचवीस-तीस पानांत संपते. त्यानंतरची बहुतेक वही बाहुल्यांच्या कपड्यांनी भरलेली आहे. त्यातही तान्ह्या बाळाच्या बाहुल्यांचे कपडे अधिक : झबले, अंगडे, टोपडे, कुंची, पायमोजे, दुपटे. म्हणजे एका बाळंतविड्यात जे जे असते ते सर्व, फक्त बाहुलीच्या मापाचे. प्रत्येक पानाच्या डोक्यावर ते कुणासाठी केले याची नोंद आहे. 'सत्तावीस नंबरच्या धाकटीची बाहुली', 'क्लबच्या प्रदर्शनासाठी', 'वरठीच्या लग्नातले रुखवत, पाळण्यातले बाळ'. एकाच पानाला तसे शीर्षक नाही. त्या पानाकडे मी पुढे येणार आहे.

आधी गावाविषयी. भंडाऱ्याहून नागपूरकडे निघाले की हमरस्त्यावर ठाणा लागते आणि त्याला लागून जवाहरनगर. भोवती धानाची शेते आणि तळी, मध्येच कुंपण घातलेली, आखीव रस्त्यांची वसाहत. साठच्या दशकात इथे आयुध निर्माणी उभी राहिली आणि तिच्याबरोबर क्वार्टर्स, शाळा, दवाखाना, क्लब. तिथे राहणारे लोक त्या सगळ्याला मिळून 'इस्टेट' म्हणत. दिवसाचे वेळापत्रक भोंग्यावर चालायचे. माझे बाबा तिथे कामाला होते आणि आमचे क्वार्टर टाईप टूचे होते. अशा वसाहतीचे एक वैशिष्ट्य असते. तिथे कुणीच मूळचे नसते. एका ओळीत बंगाली, तेलुगू, मल्याळी, बिहारी, आमच्यासारखे मराठी. भाषा पुरुषांची कारखान्यात एक होई, बायकांची मात्र अंगणात व्हावी लागे, आणि तिथे शब्द अपुरे पडले की हात पुढे येत. क्रोशाची सुई ही आमच्या ओळीची संपर्कभाषा होती असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण थोडीच.

आईला क्रोशे शिकवले ते शेजारच्या चेचीने. चेची म्हणजे मल्याळीत थोरली बहीण. आमच्या ओळीत सगळ्याच तिला चेची म्हणत, तिच्याहून मोठ्या असलेल्या बायकासुद्धा. ती पालक्काडकडची. नन्सच्या शाळेत ती हे काम शिकली होती आणि तिच्याजवळ एका सूत कंपनीच्या दोन इंग्रजी पुस्तिका होत्या. ती इंग्रजी वाचत असे, तिच्या हिंदीत सांगत असे आणि आई ते मराठीत लिहून घेत असे. म्हणजे इंग्रजी संहिता, मल्याळी वाचक, हिंदी निरूपण आणि मराठी हस्तलिखित. हस्तलिखितांचा अभ्यास करणाऱ्यांनी या परंपरेला काय म्हटले असते कोण जाणे.

या प्रवासात अर्थ कुठे सांडला आणि कुठे सावरला गेला, हे वहीत स्पष्ट दिसते. एका पानावर लाल शाईत आईची टीप आहे : 'पुस्तकात डबल लिहिलं असेल तर आधी पुस्तक कुठलं ते पाहावं. विलायती असेल तर मुका खांब, अमेरिकन असेल तर खांब.' ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते : ब्रिटिश आणि अमेरिकन विणकामाच्या इंग्रजीत तेच शब्द एकेक पायरी सरकलेले आहेत. ब्रिटनमध्ये ज्याला डबल म्हणतात, त्याला अमेरिकेत सिंगल म्हणतात. ब्रिटनचा ट्रेबल तो अमेरिकेचा डबल. चेचीच्या दोन पुस्तिकांपैकी एक या देशातली आणि दुसरी त्या देशातली. त्यामुळे आईचे पहिले टोपडे ठरल्याच्या जवळजवळ दुप्पट उंच होऊन शंकूसारखे उभे राहिले. दोन्ही पुस्तिका प्रमाण इंग्रजीतच होत्या आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर होत्या. मराठीत मात्र 'मुका खांब' म्हटले की एकच टाका समजतो. मराठी अचूक आणि इंग्रजी संदिग्ध असे म्हणण्याची संधी आपल्याला क्वचित मिळते, ती मी इथे घेते.

आता मूळ विषय. पुस्तिकांतले नमुने खऱ्या बाळांसाठी होते, तीन महिने, सहा महिने, वर्ष अशा मापांचे. बाहुलीसाठी ते लहान करायचे. ऐकताना वाटते की हे साधे त्रैराशिक आहे : बाळाचा गळा दहा इंच, बाहुलीचा सहा इंच, तर सर्व आकडे सहा दशमांश करा. आईनेही सुरुवातीला तेच केले, आणि वहीत ते त्रैराशिक पेन्सिलीने मांडलेले आहे. एका इंचात नऊ खांब बसतात. बाळाच्या झबल्याला गळ्याशी नव्वद साखळ्या. त्याचे पाच भाग : पाठीचा अर्धा पंधरा, बाही पंधरा, पुढचा भाग तीस, दुसरी बाही पंधरा, पाठीचा उरलेला अर्धा पंधरा. बाहुलीला चोपन्न साखळ्या : नऊ, नऊ, अठरा, नऊ, नऊ. गणित चोख आहे. त्यावर काट मारलेली आहे.

काट का मारली, ते बाहुली हातात घेतल्याशिवाय कळत नाही. त्या काळात नागपूरला सीताबर्डीवर प्लॅस्टिकची, आडवी केली की डोळे मिटणारी बाळे मिळत. आमच्याकडे होते ते चौदा इंची. अशा बाळाला मान जवळजवळ नसते. त्याचे हात खांद्यातून फिरतात पण कोपरात वळत नाहीत, आणि बोटे एकमेकांना चिकटलेली पसरट असतात. दंड गुबगुबीत, म्हणजे धडाच्या मानाने कितीतरी जाड. डोक्याचा घेर अकरा इंच आणि गळ्याचा सहा. खऱ्या नवजात बाळाचेही डोके मोठेच असते, त्याच्या एकूण लांबीच्या चौथ्या हिश्शाएवढे. मोठ्या माणसाचे ते सातव्या-आठव्या हिश्शाएवढे भरते. पण बाहुली करणारा कारागीर याहून पुढे जातो. गोंडसपणा डोक्यात आणि गालांत असतो हे त्याला ठाऊक असते, म्हणून तो ते आणखी फुगवतो. थोडक्यात, बाहुली ही बाळाची छोटी प्रत नव्हे. ती बाळाविषयीचे कुणाचे तरी मत असते. आणि ज्याने नमुना लिहिला त्याच्यासमोर हे मत नव्हते, त्याच्यासमोर बाळ होते.

शिवाय सूत. माप लहान होते पण टाका लहान होत नाही. दोऱ्याची जाडी तीच, सुईची तीच. बाळाच्या झबल्यावर पाच खांबांचा शिंपला नाजूक दिसतो. तोच बाहुलीच्या छातीवर तिच्या तळहाताएवढा होतो आणि नक्षी न वाटता ठिगळ वाटते. यावर दोन उपाय असतात. एक, बारीक सूत आणि बारीक सुई घ्यायची आणि सगळे आकडे तसेच ठेवायचे. हा प्रामाणिक उपाय आहे आणि डोळ्यांचा शत्रू आहे. दुसरा, सूत तेच ठेवून नक्षीच बदलायची. आईने दुसरा पत्करला. पाच खांबांचा शिंपला तीन खांबांचा केला. तो चार टाक्यांत बसतो. पण मग चोपन्नला चाराने भाग जात नाही. म्हणून छप्पन्न साखळ्या. त्यांचे भाग : आठ, बारा, सोळा, बारा, आठ. दंड जाड म्हणून बाहीला बारा. धड त्या मानाने अरुंद म्हणून पुढे सोळा. प्रत्येक आकड्याला चाराने भाग जातो, कुठलाही शिंपला शिवणीत अर्धा राहत नाही. हात वळत नाहीत म्हणून पाठ खालपर्यंत उघडी, आणि वर दोन टिचबटणे. पानाच्या तळाशी लिहिले आहे : 'मूळचं काही राहिलं नाही, पण त्याच्यासारखंच दिसते.'

हे वाक्य मी अनेकदा वर्गात वापरले आहे, कुणाचे ते न सांगता. इब्सेनच्या 'अ डॉल्स हाउस' या १८७९ सालच्या नाटकाचे अनंत काणेकरांनी १९४१ साली मराठी रूपांतर केले, त्याचे नाव 'घरकुल'. शीर्षकातली बाहुली गेली. ती का जावी? माझे उत्तर असे की मराठी घरात 'बाहुलीचे घर' म्हटले की भातुकली आठवते, बाहुला-बाहुलीचे लग्न आठवते, आणि त्या आठवणीत नॉर्वेतल्या त्या शीर्षकाचा डंख उरत नाही. पाच खांबांचा शिंपला तो, इथल्या छातीवर तो ठिगळ झाला असता. पु. ल. देशपांड्यांनी १९७५ साली 'पिग्मॅलियन'ची 'ती फुलराणी' केली तेव्हा लंडनच्या गल्लीतले उच्चार मराठीत आणण्याचा प्रश्नच नव्हता. इथल्या बोलीचा आणि प्रमाण भाषेचा जो खरा सल आहे त्यावर नाटक नव्याने बेतावे लागले. याउलट सगळे आकडे जपणारी, बारीक सुतातली भाषांतरेही आपल्याकडे भरपूर आहेत. ती वाचताना डोळे दुखतात. मी त्यांची निंदा करत नाही, कारण अभ्यासकाला तीही लागतात. पण अंगात घालायचे असेल तर?

बाहुल्यांच्या बाबतीत आमच्या घराला एक पूर्वपीठिका होती. आजीजवळ, म्हणजे आईच्या आईजवळ, काचकड्याची बाहुली होती. काचकडे म्हणजे सेल्युलॉइड. चाळिशीच्या दशकात तिला ती मिळालेली. पोकळ, पिसासारखी हलकी, हातपाय आतून रबराने जोडलेले. आजी तिला चुलीजवळ न्यायला सक्त मनाई करत असे. का, ते तिला सांगता येत नसे; तशी ताकीद बाहुलीबरोबरच आली होती. बाबांनी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा नाकाजवळ नेऊन वास घेतला आणि म्हणाले, "कापूर आहे यात. ही तर आमच्या कारखान्याची बहीण निघाली."

ते विनोदाने म्हणाले, पण ते अक्षरशः खरे होते. कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची क्रिया केली की नायट्रोसेल्युलोज मिळते. शोनबाइन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८४६ साली बाझल इथे ते जगापुढे आणले. सांडलेले आम्ल त्याने बायकोच्या सुती एप्रनने पुसले आणि चुलीशी वाळत घातलेला तो एप्रन भडकन नाहीसा झाला, अशी कथा सांगतात. खरी असो-नसो, त्या कथेत स्वयंपाकघरातली बाई शेवटी कुठे दिसत नाही, फक्त तिचा एप्रन दिसतो. या नायट्रोसेल्युलोजमध्ये नायट्रोजनचे प्रमाण तेरा टक्क्यांच्या आसपास असेल तर तो तोफेचा कापूस. अकराच्या आसपास असेल आणि त्यात कापूर मळला तर सेल्युलॉइड : कंगवे, सिनेमाच्या फिती, पिंगपाँगचे चेंडू आणि बाहुल्या. अमेरिकेत हायॅटने १८७० साली त्याचे पेटंट घेतले, आणि पुढे जर्मनी व जपानमधून काचकड्याची बाळे जगभर गेली. ती लवकर पेट घेतात म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मागे पडली. दोन टक्क्यांच्या फरकाने एकाच कापसाचे खेळणे होते किंवा दारूगोळा.

भंडाऱ्याच्या निर्माणीत तोफांसाठी लागणारी प्रणोदके होतात, आणि त्यांचा पाया कापूसच. सरकीवरून लांब धागा काढून घेतला की तिला आखूड लव चिकटून राहते. ती लव अशा कारखान्यांना लागते. लांब धागा सूतगिरणीकडे जातो. म्हणजे बाबा ज्यावर काम करत आणि आई ज्यावर काम करे, ती एकाच बोंडाची दोन टोके होती. बाबांना कामावर सुती कपडेच घालावे लागत, कारण नायलॉनच्या घर्षणाने ठिणगी पडू शकते. आगपेटी खिशात चालत नसे. आम्ही मुले हे नियम पाढ्यांसारखे म्हणत असू, भीती न बाळगता. भीती मोठ्यांकडे असे आणि ती बोलली जात नसे. भोंगा अवेळी वाजला की आईची सुई थांबे, इतकेच. २४ जानेवारी २०२५ रोजी त्या कारखान्यात स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले, त्या दिवशी आई नागपुरात माझ्याकडे होती आणि बाबा जाऊन बरीच वर्षे झाली होती. टीव्हीवर बातमी लागल्यापासून संध्याकाळपर्यंत ती विणत बसली आणि मग ते सगळे उसवले.

आता ते शीर्षक नसलेले पान.

डिसेंबर १९८६. मी दहा वर्षांची होते. चेचीला दिवस गेले होते आणि माहेरी जायची तिकिटे जानेवारीची काढलेली होती. नागपूरहून पालक्काड म्हणजे दीड-दोन दिवसांची रेल्वे. बाळासाठी आधी काही शिवून-विणून ठेवू नये असे आमच्याकडे मानतात आणि तिच्याकडेही मानत, त्यामुळे जी बाई ओळीतल्या सगळ्यांच्या मुलांना टोपडी करून देत होती, तिच्या स्वतःच्या घरात एकही नव्हते. तिसावा आठवडा होता. एका रात्री तिला कारखान्याच्या गाडीने नागपूरला नेले. मुलगी झाली, सव्वा किलोची. दुसऱ्या दिवशी बाबा निरोप घेऊन आले की सुती टोपडे आणि झबले हवे आहे, तिथे जे आहे ते सगळे मोठे होते.

तीस आठवड्यांचे बाळ साधारण चाळीस सेंटीमीटर लांब असते आणि त्याच्या डोक्याचा घेर सत्तावीस-अठ्ठावीस सेंटीमीटर भरतो. म्हणजे अकरा इंच. हे आकडे मी अलीकडे वाचले. आईला ते ठाऊक नव्हते. बाबांनी हाताने अंतर दाखवले आणि आईने कपाटावरची बाहुली खाली काढली. तिचे झबले आणि टोपडे उतरवले, उकळत्या पाण्यात घातले, चुलीवरच्या उबेला वाळवले आणि बाबांच्या पिशवीत दिले. माझी बाहुली दोन दिवस तशीच उघडी कपाटावर होती. मला तिची लाज वाटत होती हे आठवते. दुसरे काही कळत नव्हते.

टोपडे बसले. झबले बसले नाही. लांबी बरोबर होती, गळा बरोबर होता, पण बाहुलीचे दंड जिथे होते तिथे या मुलीच्या काड्या होत्या. बाह्या रिकाम्या लोंबत होत्या आणि शिंपल्यांच्या भोकांत बोटे अडकत होती. पाठ उघडी असल्यामुळे घालताना तिला पालथे करावे लागे, आणि नर्सने ते नको म्हटले. बाबांनी हे सगळे जसेच्या तसे येऊन सांगितले. ते यंत्रांचे दोष सांगावेत तसे सांगत होते, एकामागून एक, आणि आई लिहून घेत होती. तीच ती नोंद. पानावर प्रथम बाबांनी सांगितलेले चार दोष आहेत आणि त्याखाली नवा नमुना.

साखळ्या तेवढ्याच, छप्पन्न. भाग : दहा, आठ, वीस, आठ, दहा. पण आता सुरुवातीचे आणि शेवटचे दहा पाठीचे नाहीत, पुढचे आहेत, कारण झबले समोरून उघडते. मधले वीस ते पाठ. बाहीला बाराचे आठ झाले. शिंपला नाही. जाळी नाही. खांबसुद्धा नाही, कारण दोन खांबांच्या मध्ये फट राहते. सबंध झबले मुक्या खांबांचे. बटणे नाहीत, नाड्या. सूत आधी तीनदा उकळून, काठीने बडवून मऊ केलेले. बाहुलीच्या झबल्यातून जे जे नक्षी म्हणून आले होते ते गेले, आणि बाळाच्या नमुन्यातून बाहुलीकडे येताना जे जे टाकले होते त्यातले काही परत आले : समोरची उघड, अरुंद बाही, रुंद पाठ. मात्र ते पुस्तिकेकडे परत जाणे नव्हते. पुस्तिकेत सर्वांत लहान माप तीन महिन्यांचे होते. या मापाचे बाळ तिच्या लेखकाच्या मनातही नव्हते.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवण्याची पद्धत बोगोटामध्ये १९७८ साली सुरू झाली होती. तिला कांगारू म्हणतात. आता अनेक ठिकाणच्या नवजात कक्षांसाठी बायका इवली टोपडी विणून पाठवतात आणि त्यांचे नमुने कुणालाही मिळतात. १९८६ साली आम्ही त्या पद्धतीचे नावही ऐकले नव्हते.

आईने दोन रात्रींत दोन झबली केली. ती बसली. बाबा म्हणाले, "अगदी मापाची." मुलगी अकरा दिवस जगली. परत येताना बाबांच्या पिशवीत एक झबले होते, दुसरे तिच्या अंगावर गेले.

चेची त्यानंतर दीडेक वर्ष आमच्या शेजारी होती. मग त्यांची बदली झाली. जाताना तिने दोन्ही पुस्तिका आईला दिल्या. त्या आमच्याकडे आहेत, पण त्या पानाची गोष्ट त्यांच्यात शोधून सापडणार नाही. ती फक्त वहीत आहे, आणि वहीतही तिला शीर्षक नाही. पुढे आईने बाहुल्यांसाठी पुष्कळ कपडे केले, प्रदर्शनात बक्षिसे मिळवली, रुखवतात तिची पाळण्यातली बाळे गाजली. छप्पन्न साखळ्यांचा शिंपल्यांचा नमुना ती अखेरपर्यंत वापरत राहिली. मुक्या खांबांचा तो नमुना वहीत दुसऱ्यांदा कुठेही आलेला नाही.

गेल्या दिवाळीत माझ्या एका विद्यार्थिनीने ही वही टंकलिखित करून ठेवावी असे सुचवले आणि ती कामाला लागली. चिकित्सक पाठ वगैरे तिच्या डोक्यात आहे. लाल शाईच्या टिपा, पेन्सिलीचे त्रैराशिक, काट मारलेल्या ओळी, सगळे ती वेगवेगळ्या खुणांनी नोंदवते. या पानाशी येऊन तिने विचारले की शीर्षक काय द्यायचे, सगळ्या पानांना आहे. मी आईला विचारले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तिला आता जवळचे बरे दिसते. तिने पान डोळ्यांशी धरून वाचले.

"नाव कुठं ठेवलं होतं," ती म्हणाली. "आपल्यात बाराव्या दिवशी. त्यांच्यात तर अठ्ठाविसाव्या दिवशी." मग ती पुन्हा वाचायला लागली आणि थोड्या वेळाने तिने विद्यार्थिनीकडे पेन मागितले. नाड्यांच्या ओळीपुढे तिने आता थरथरत्या झालेल्या अक्षरात लिहिले : 'नाडी बोटभर जास्त ठेवावी. गाठ छातीवर येऊ नये, कुशीला यावी.'

विद्यार्थिनीने ही ओळ वेगळ्या खुणेने नोंदवली आहे.